मधुमेहातील मज्जातंतूंची इजा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. या विकाराला ‘डायबेटिक न्यूरोपॅथी’ म्हणतात. सर्वांत लांब तंतू आधी बाधित होत असल्यामुळे त्याची सुरुवात बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा हळूहळू वर सरकतो.

गैरसमज : पाय दुखत नाहीत, म्हणजे मज्जातंतू शाबूत आहेत.
वस्तुस्थिती : या विकाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांना कोणतेही लक्षण जाणवत नाही, शिवाय जळजळ आपोआप थांबणे हे तंतू अधिक निकामी झाल्याचेही चिन्ह असू शकते. म्हणूनच टाइप 2 मधुमेहात निदान होताच, टाइप 1 मध्ये निदानानंतर 5 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी मोनोफिलामेंट, म्हणजे 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा, तळपायाला टेकवून संवेदना तपासली जाते.

गैरसमज : बधिर पाय गरम पाण्याने शेकल्यास संवेदना परत येते.
वस्तुस्थिती : ज्या पायाला उष्णता कळत नाही, तो पाय भाजला तरी रुग्णाला समजत नाही. शेकाची पिशवी किंवा देवळाच्या आवारातील तापलेली फरशी यांमुळे झालेली जखम दुर्लक्षित राहून चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो.

गैरसमज : मुंग्यांवर जीवनसत्त्वाची गोळी पुरेशी असते.
वस्तुस्थिती : मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाच्या दीर्घ वापराने ब-12 जीवनसत्त्व घटू शकते आणि त्या कमतरतेनेही मुंग्या येतात, म्हणून त्याची तपासणी आवश्यक ठरते; मात्र कमतरता नसल्यास ही गोळी साखरेच्या नियंत्रणाची जागा घेऊ शकत नाही.

गैरसमज : हा विकार पायांपुरताच असतो.
वस्तुस्थिती : आंतरिक अवयवांचे नियमन करणारे स्वायत्त तंतू बाधित झाल्यास उभे राहताना रक्तदाब घसरतो, जठर सावकाश रिकामे होते आणि हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो.

गैरसमज : वेदना शमली की इजा भरून निघाली.
वस्तुस्थिती : प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधे वेदना कमी करतात, तंतू दुरुस्त करत नाहीत. झालेली इजा सहसा पूर्णपणे भरून येत नाही, परंतु ती टाळता किंवा लांबवता येते : 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील ‘डीसीसीटी’ या अभ्यासात टाइप 1 रुग्णांमध्ये साखरेच्या काटेकोर नियंत्रणाने या विकाराचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी घटला. टाइप 2 मध्ये हा लाभ तुलनेने कमी असल्याने रक्तदाब, वजन आणि तंबाखू यांकडेही लक्ष द्यावे लागते.

संवेदना गेलेल्या पायाचे रक्षण डोळ्यांनीच करावे लागते. यासाठी रोज रात्री तळपाय आणि बोटांमधील जागा निरखणे, अनवाणी न चालणे, पादत्राणे घालण्यापूर्वी आतून चाचपणे आणि जखम दिसताच, ती दुखत नसली तरी, डॉक्टरांकडे जाणे अत्यावश्यक आहे.