उभ्याने वाचताना

बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पेपर वाचण्याची एक खास पद्धत होती. पान आधी उभं दुमडायचं, मग आडवं, आणि शेजाऱ्याच्या नाकाला लागणार नाही एवढ्या घडीत अग्रलेख संपवायचा. चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेल्यालाही ते जमायचं. आता त्याच डब्यात एक हात वरच्या कडीला असतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली मजकूर सरकत राहतो. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं आली आणि २०१७मध्ये स्टोरीटेलने ती कानांतही पोचवली.

लोक वाचत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. अंधेरी ते घाटकोपर मेट्रोतही माना खाली असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे अक्षरंच असतात. बदललं आहे ते वाचण्याचं वळण.

वाचताना डोळे ओळीवरून सलग घरंगळत नाहीत. ते उड्या मारतात, सुमारे पाव सेकंद थांबतात, पुन्हा उडी घेतात. सराईत इंग्रजी वाचकांच्या दर शंभर उड्यांपैकी दहा-पंधरा उलट्या दिशेच्या असतात: काही निसटलं, म्हणून डोळा मागे जातो. कागदावर ते निसटलेलं वाक्य जागच्या जागी असतं, डाव्या पानावर, खालच्या बाजूला. स्क्रोल होणाऱ्या मजकुरात ही जागाच हलते. समजण्यात फरक पडतो तो काही अंशी यामुळे, असं काही संशोधक मानतात.

फरक पडतो, हे मात्र बऱ्यापैकी पक्कं आहे. पाब्लो डेलगादो आणि सहकाऱ्यांनी २०००पासून २०१७पर्यंतचे ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर थोडा अधिक समजला होता. फरक लहान, पण वर्षं सरली तसा तो मिटण्याऐवजी वाढत गेला. नवी पिढी मोबाइलवर वाढली की प्रश्न आपोआप सुटेल, ही आशा त्यामुळे डळमळते. निव्वळ कथात्म मजकुरात फरक आढळला नाही. माहितीपर मजकुरात आढळला, आणि वेळेचं बंधन असलं की आणखी रुंदावला.

वेळेचं बंधन म्हणजे आपल्या उपनगरांचं आयुष्यच. दादर यायच्या आत संपवायचं, अशा बेताने आपण वाचतो. त्यात आणखी एक फसगत आहे. राकेफेत अॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ या इस्रायली संशोधकांनी २०११मध्ये विद्यार्थ्यांना स्वतःच्या गतीने वाचायला दिलं, तेव्हा पडद्यावर वाचणाऱ्यांना गुण कमी मिळाले. पण आपल्याला किती समजलं, याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त होता. न समजणं परवडतं, पण समजल्याचा भास झाला की माणूस मागे वळून पाहतच नाही.

मला काळजी वाटते ती यामुळेच, आणि ती कादंबरी वाचणाऱ्यांची नाही. रटाळ प्रवासात कुणी फोनवर गोष्ट वाचत असेल, तर खुशाल वाचावी. काळजी आहे ती अभ्यासिकांत बसून व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफमधून राज्यघटना वाचणाऱ्या एमपीएससीच्या मुलामुलींची, दहावीच्या नोट्स बोटाने मोठ्या करून पाहणाऱ्यांची. छापील प्रत महाग पडते, हे खरंच आहे. म्हणून पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या किंवा मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघासारख्या संस्थांची ग्रंथालयं आज अधिक गरजेची आहेत. तिथे वर्गणीत संदर्भग्रंथही हाताशी येतात.

देवनागरीचा हिशोब आणखी वेगळा. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनाआधी, उच्चारली जाते नंतर. वर मात्रा, खाली उकार. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या अभ्यासात, २००९मध्ये, देवनागरी वाचताना मेंदूचे दोन्ही गोलार्ध कामाला लागलेले दिसले. या लिपीला उभी जागा लागते, आणि फोनवर दोन ओळींतलं अंतर आवळलं की पहिली कोंडी तिचीच होते. अॅप बनवणाऱ्यांनी मराठीसाठी ओळी जरा सैल ठेवल्या आणि स्क्रोलऐवजी पान उलटायची सोय दिली, तर बोरिवलीच्या त्या डब्यातल्या वाचकाला मागे जाऊन वाक्य शोधणं आजच सोपं होईल.