जर, तर आणि नाहीतर

लहानपणी ‘अगर-मगर’ केले की अब्बा रागवायचे. पुढे कवी झालो आणि ‘जर-तर’ हाच माझा धंदा झाला. कवितेत ‘जर’ म्हणून थांबता येते. उरलेले वाचक भरून घेतो. यंत्राशी बोलताना मात्र तसे चालत नाही.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा संगणक-विषाणू युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्याच समूहाचे, आपल्या न्हावा शेव्याचे जीटीआय टर्मिनलही ठप्प झाले. क्रेन मोडल्या नव्हत्या, पण कोणता कंटेनर कुठे, हे सांगणारे संगणकच मुके झाले होते. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले.

इतके सर्व्हर एकेकापाशी बसून कोण तयार करणार? अशा कामासाठी अन्सिबल, पपेट यांसारखी साधने असतात. सूचना एकदाच लिहायच्या. साधन त्या सर्व सर्व्हरवर पाळते. पण सगळे सर्व्हर सारखे नसतात. म्हणून अटी घालाव्या लागतात. सर्व्हर डेबियनचा असेल, तर या पद्धतीने दुरुस्ती बसव. रेड हॅटचा असेल, तर त्या पद्धतीने. दुरुस्ती आधीच असेल, तर हात लावू नकोस. फाइल बदलली असेल, तरच सेवा पुन्हा सुरू कर. त्यामुळे तीच यादी शंभरदा चालवली, तरी झालेले काम बिघडत नाही.

गंमत म्हणजे, त्या विषाणूच्या पोटातही एक ‘जर’ होता. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘परफसी’ नावाची फाइल आधीच असेल, तर तो त्या संगणकाला सोडून देई. संशोधकांनी ते ओळखले आणि ती रिकामी फाइलच लस ठरली.

धोका असतो तो न लिहिलेल्या अटीत. सर्व्हर डेबियनचाही नाही आणि रेड हॅटचाही नाही, तर? साधन त्याला ‘वगळले’ म्हणून पुढे जाते. कुठेही लाल अक्षर दिसत नाही. दुरुस्ती मात्र राहून जाते. नॉटपेट्याला असे एक दार पुरे होते. एका संगणकातून पासवर्ड चोरून तो दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत असे. म्हणून जाणकार शेवटी एक ओळ लिहितात: यांपैकी काहीच नसेल, तर थांब आणि मला सांग.

अब्बांचा राग आता कळतो. ‘अगर’ म्हणायला त्यांची ना नव्हती, ‘नाहीतर काय?’ याचे उत्तर त्यांना हवे असायचे.