परिचर्या शिकणाऱ्या मुलीची पहिली नोकरी

आमच्या संघटनेच्या कचेरीत पूर्वी संध्याकाळी येत ते बहुधा कारखान्यातले लोक. अलीकडे त्यांच्या मुलीही येतात. बापाजवळ तक्रार असते, मुलीजवळ प्रश्न असतो. ती परिचर्येच्या शाळेत पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असते. फी, वसतिगृह, गणवेश आणि पुस्तके यांनी घर मेटाकुटीस आलेले असते. आणि गावातल्या एखाद्या खाजगी इस्पितळात मदतनिसाचे काम मिळेल असे तिच्या कानावर आलेले असते. ते धरावे की नाही, आणि धरायचे तर कसे, एवढेच तिला विचारायचे असते. या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत देता येत नाही असे आमच्या ध्यानात आले, म्हणून तो येथे मांडीत आहोत. ज्यांच्या घरी परिचर्या शिकणारी मुलगी नाही त्यांनीही तो ऐकावा. आज ना उद्या त्या खाटेवर आपल्यापैकी कोणीतरी असणारच, आणि सुई टोचणारा हात कोणाचा हे त्याला कळलेले बरे.

शिकता शिकता कमावणे ही या धंद्यात नवी गोष्ट नव्हे. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा निघाली, तेव्हा तेथील उमेदवार मुलींना राहणे, जेवण, गणवेश आणि वर वर्षाला १० पौंड मिळत. त्या विद्यार्थिनीही होत्या आणि वॉर्डातल्या कामकरणीही. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, १९०९ नंतरच्या काळात, ससून रुग्णालयात परिचर्या शिकणाऱ्या मुलींना आसरा दिला. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे त्यांचे यजमान, हे येथे जमलेल्यांना सांगायला नको. तेव्हा घर सोडून आलेल्या मुलीला संस्था सांभाळी. आज खाजगी शाळेत मुलगी फी भरते, वॉर्डातही राबते, आणि उरलेल्या वेळात कमाई कोठे होईल ते शोधते.

दुसऱ्या वर्षाची अशीच एक मुलगी आमच्याकडे आली होती. गाव आणि इस्पितळ सांगत नाही. चौदा खाटांचे प्रसूतिगृह, रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी, सोबतीला एक वयस्क मावशी. नेमणुकीचा कागद नाही. अंगावर पांढरा कोट चढवला की रोगी आणि नातेवाईक 'सिस्टर' म्हणणारच. एका रात्री डॉक्टरांनी फोनवरून सलाईन लावायला सांगितले, तिने लावले. शीर चुकली, बाईंचा हात सुजला, नातेवाइकांनी आरडाओरडा केला. सकाळी डॉक्टर सर्वांसमोर म्हणाले, "ही आया आहे, हिला सलाईनला हात लावायला सांगितला कोणी?" तिचे बावीस दिवसांचे पैसे अडकले.

तिने आम्हांला विचारले, "काका, दिवसा मोठ्या इस्पितळात ट्यूटरबाईंसमोर मी हेच करते. मग रात्री माझे काय चुकले?"

साऱ्या विषयाची मेख या प्रश्नात आहे. दिवसा ती विद्यार्थिनी असते. शिकवणारी बाई शेजारी उभी असते, आणि सुई चुकली तर ती सावरते. रात्री ती नोकर असते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हे सारे होईपर्यंत ती कायद्याने परिचारिका नव्हे. १९४७ चा केंद्राचा आणि १९६६ चा महाराष्ट्राचा, असे दोन कायदे या नोंदणीच्या मागे उभे आहेत. हात तोच, सुई तीच, पण दिवसाचे शिक्षण रात्री गुन्ह्याच्या उंबरठ्यावर जाऊन बसते. आणि अंगावर आले की ज्याने 'सिस्टर' म्हणून उभी केली तोच 'आया' म्हणून हात झटकतो. कागद नसला म्हणजे मालकाला दोन्ही नावे वापरता येतात.

मालक असे का करतात? सगळेच दुष्ट असतात असे नव्हे. नोंदणी झालेली परिचारिका महाग पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने म्हटले होते की, पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी इस्पितळातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांहून कमी देऊ नये. लहान इस्पितळवाल्याला तो आकडा जड वाटतो, आणि निम्म्याहून कमी पैशांत अर्धी शिकलेली मुलगी मिळते. तिला मदतनिसाचा पगार देऊन परिचारिकेचे काम घ्यायचे, हे त्यामागचे गणित. त्याचा जोखमीचा भाग मुलीच्या आणि रोग्याच्या माथी पडतो.

अमेरिकेत परिचर्येच्या विद्यार्थिनीने मदतनिसाची नोकरी धरणे ही अगदी रूढ वाट आहे. तेथे १९८७ साली एक केंद्रीय कायदा झाला. त्याप्रमाणे वृद्धांच्या शुश्रूषागृहांत काम करणाऱ्या मदतनिसाला निदान ७५ तासांचे शिक्षण हवे, त्यांतले १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष हाताने केलेल्या कामाचे हवेत. मग परीक्षा, आणि राज्याच्या पटावर नाव. शुश्रूषागृहाने आधीच कामावर घेतले असेल तर या शिक्षणाचा खर्च त्याने मुलीकडून घ्यायचा नाही. कित्येक राज्यांत परिचर्येचा पहिला मूलभूत पाठ पुरा केलेल्या विद्यार्थिनीला थेट त्या परीक्षेला बसता येते. तेथे सारे आलबेल आहे असे आमचे म्हणणे नाही. पण मदतनीस म्हणजे कोण, याला निदान ठरलेले उत्तर आहे. आपल्याकडे कौशल्य विकासाच्या योजनांतून 'जनरल ड्यूटी असिस्टंट' असा काही महिन्यांचा अभ्यासक्रम निघाला आहे. लहान इस्पितळांच्या दारातून तो अजून आत शिरलेला आम्हांला फारसा दिसत नाही.

मदतनिसाचे खरे काम हलके नव्हे, आणि हलक्या प्रतीचेही नव्हे. खाट करणे, अंग पुसणे, भांडे देणे, भरवणे, ताप, नाडी आणि श्वास मोजून तक्त्यावर मांडणे, रोग्याच्या पोटात किती गेले व लघवी किती झाली ते लिहिणे. निजून असलेल्या रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही तर पाठीला जखमा पडतात. औषधांनी त्या चटकन भरत नाहीत. जड माणसाला आपली कंबर न मोडता कसे वळवावे, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा जुन्या मावशीकडून लवकर समजते. 'मला मावशी म्हणतील' या भीतीने काही मुली ही कामे टाळतात आणि इंजेक्शनाकडे धावतात. आम्हांला त्याचे वाईट वाटते. रोगी वाचायला लागणे म्हणजे काय, ते या कामातच कळते.

आता नोकरी शोधायची कोठे? पाटी पाहून दारोदार फिरण्यापेक्षा, जेथे शाळेने वॉर्डाच्या पाळीला पाठवले तेथेच डोळे उघडे ठेवावेत. त्या वॉर्डाच्या सिस्टरने मुलीचे काम पाहिलेले असते. मालकडॉक्टरांच्या आधी मेट्रनबाईंना भेटावे. माणसे कमी कोठे आहेत आणि नवख्या मुलीला कोठे जपतात हे त्यांना ठाऊक असते. अर्ज एका पानाचा पुरे: कोणत्या वर्षाला आहे, कोणत्या वॉर्डांत किती आठवडे काम केले, कोणत्या दिवशी येऊ शकेन, परीक्षा केव्हा आहेत. शाळेच्या प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. पुष्कळ वसतिगृहांत बाहेरचे काम चालत नाही, आणि चोरून धरलेल्या नोकरीत मालकाच्या हाती आयतीच दोरी जाते. दुसरे, हजेरीचा हिशेब. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी चालते, पण पदविका हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरावी लागते. रात्रपाळी करून वॉर्डातली पाळी बुडाली तर ती पुढे भरून काढावीच लागेल. म्हणून रविवार किंवा सुटीतले काम बरे.

कागद मागायला मुली लाजतात. डॉक्टर रागावतील, काम जाईल, असे त्यांना वाटते. चांगला डॉक्टर रागावत नाही, हा आमचा अनुभव. कागदावर पदाचे नाव, कामाची यादी, पाळीचे तास, पगार आणि तो देण्याची तारीख असावी. शाळेचे मूळ दाखले कोणी ठेवून घेऊ म्हटले तर देऊ नयेत, नक्कल द्यावी.

सुईची गोष्ट शेवटी काढली तरी ती शेवटची नव्हे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी इस्पितळाची आहे. मग ती कायम असो की रविवारपुरती. वापरलेल्या सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यातच जायच्या. तरी सुई टोचलीच, तर जखम साबणपाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरांना सांगावे. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत सुरू व्हाव्यात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. 'ओरडा बसेल' म्हणून सकाळपर्यंत गप्प बसलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. रात्रपाळीत कोणी अंगचटीला आला तर २०१३ चा कायदा शिकाऊ मुलीलाही लागू आहे, आणि दहाहून कमी माणसांच्या इस्पितळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

त्या मुलीचे बावीस दिवसांचे पैसे दोन पत्रे आणि तीन खेपांनंतर, दोन हप्त्यांत मिळाले. ती आता दुसऱ्या इस्पितळात फक्त रविवारी दिवसा जाते. तेथील डॉक्टरांनी कामाची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली. तिच्यात शेवटी 'गरजेप्रमाणे इंजेक्शन' असे दोन शब्द होते. तिने ते समोर बसून खोडायला लावले, आणि खोडल्याच्या जागी डॉक्टरांची सही घेतली.