ट्रॅक्टर तापतो, पण नेमका केव्हा?

पुष्य नक्षत्र लागले होते. पऱ्हे महिन्याचे होऊन पुढे गेलेले, बोडीचे पाणी बांधीत घेतलेले, रोवण्याच्या बाया सकाळी आठ वाजताच धुऱ्यावर येऊन उभ्या, आणि चिखलणी करणारा आमचा जुना ट्रॅक्टर तिसऱ्या बांधीच्या मधोमध वाफा सोडीत थांबलेला! लाखनी-पालांदूर भागातल्या धानवाल्यांना या चित्राचा अर्थ सांगायला नको. केलेला चिखल बसू लागतो, बायांची मजुरी तर द्यावीच लागते, आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर त्या आठवड्यात मागूनही मिळत नाही.

माझा पुतण्या खाली उतरला आणि मी नको म्हणायच्या आत त्याने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. कारंजे उडावे तसे उकळते पाणी वर आले. नशिबाने तोंड बाजूला होते; मनगटापासून कोपरापर्यंतचा हात मात्र भाजला. धुऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला ओढत विहिरीवर नेले आणि हातावर पाण्याची धार धरून बसवले. तेच बरोबर होते. भाजल्यावर वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरावी आणि मग दवाखाना गाठावा. तूप, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. ही गोष्ट आधी सांगितली, कारण इंजिन दुरुस्त होते, डोळा गेला तर परत येत नाही.

झाकण एवढे का उसळते? घरातल्या बायांना हे पुरुषांपेक्षा लवकर कळेल. रेडिएटर हा एक प्रेशर कुकरच आहे. झाकणातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. दर इंची एक पौंड दाब वाढला की उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. तापलेले झाकण उघडले की दाब एकदम सुटतो आणि न उकळलेले पाणी त्याच क्षणी वाफ होऊन बाहेर फेकले जाते. म्हणून इंजिन बंद करून अर्धा तास तरी थांबावे. वरच्या टाकीवर हात टिकू लागला की मग ओल्या पोत्याची घडी झाकणावर ठेवून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. फुस्स आवाज पुरता थांबला की पूर्ण काढावे.

असो. मिस्त्री आला. त्याने पाहिले, कानाला हात लावला आणि म्हणाला, "भाऊ, वॉटर बॉडी गेली." वॉटर पंपाला मिस्त्री लोक वॉटर बॉडी म्हणतात. पंप बदलला, पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर पुन्हा तापला. आता तो म्हणाला, "इंजिन खोलावे लागते." इंजिन खोलणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा खोलले त्याला माहीत. त्या रात्री मी ठरवले की आधी आपणच नीट पाहायचे. पुढचे चार दिवस जे शिकलो आणि नंतर जाणत्यांकडून तपासून घेतले, ते इथे मांडतो.

पहिला प्रश्न "काय बिघडले" असा नसावा; "केव्हा तापतो" असा असावा. वैद्य विचारतो ना, ताप सकाळी येतो की संध्याकाळी? तसेच हे आहे. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा लाल रेघेला गेला, तर पाणी नाही, पंख्याचा पट्टा तुटला, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला किंवा हेड गॅस्केट गेले, असे समजावे. रिकामा चालवताना ठीक आणि तासभर ओढकाम केल्यावर तापतो, तर रेडिएटर पुरेशी उष्णता बाहेर टाकत नाही. रस्त्यावर ठीक पण मळणीयंत्राला जोडून उभा ठेवला की तापतो, तर जाळीत भुसा भरला असणार. जुन्या जीपचेही असेच असते. महामार्गावर साकोलीपर्यंत सुखाने जाते आणि बाजाराच्या गर्दीत उभी राहिली की उकळते. म्हणजे पंखा, पट्टा आणि जाळी पाहावी. पेट्रोलवरच्या जुन्या जीपचे टायमिंग मागे पडले असेल तरी ती तापते, तिथे रेडिएटरला दोष देऊन उपयोग नाही.

आणि काटा खरे बोलतो का? जुन्या गाड्यांत हा काटा पुष्कळदा खोटे बोलतो. काटा लाल रेघेवर आहे, पण वाफ नाही, वास नाही, इंजिन दमलेले नाही, तर आधी काट्याची तार आणि सेन्सर पाहावा. उलटेही घडते. पाणी सेन्सरच्या खाली उतरले की तो नुसत्या वाफेत राहतो, आणि कधी कधी काटा खाली येतो. माणूस समजतो, बरे झाले, आणि इंजिन कोरडे जळत असते.

आमच्या धानाच्या मुलखात सर्वांत मोठा गुन्हेगार रेडिएटरच्या बाहेरच असतो. केजव्हील लावून चिखलणी करताना राडा उडतो, जाळीच्या पात्यांत बसतो आणि दुपारच्या उन्हात त्याची भाकर होते. वर तणसाचा भुसा चिकटतो. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. घाण आत, मधल्या थरात असते. रात्री पंख्याच्या बाजूला बॅटरी लावून समोरून पाहावे, उजेड जिथून येत नाही तिथे हवाही जात नाही. धुताना पंख्याच्या बाजूकडून समोर पाणी मारावे, म्हणजे घाण ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने बाहेर पडते. सर्व्हिसिंगच्या यंत्राचा जोरदार फवारा जवळून मारू नये, पाती वाकून वाट कायमची बंद होते. चिखलणीच्या दिवसांत हे काम रोज संध्याकाळी करायचे आहे, बैलाला धुतात तसे. जुन्या लोकांना हे सांगावे लागत नव्हते.

ज्यांच्याकडे हवेवर थंड होणारे जुने इंजिन आहे त्यांनी आपल्याला रेडिएटरच नाही म्हणून निश्चिंत राहू नये. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला तयार झाला, त्या घराण्यातली हवेवर चालणारी इंजिने अजून गावोगाव दिसतात. त्यांत सिलिंडरभोवतालच्या पात्यांत तेल आणि धूळ मिळून थर बसतो, आणि हवेची दिशा धरणारे पत्रे काढून फेकलेले असतात. ते पत्रे शोभेचे नाहीत.

मग पट्टा. दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. आतली बाजू आरशासारखी चकाकत असेल तर तो घसरतो, ताणून उपयोग नाही, बदलावा. फार ताणला तर पंपाची बेअरिंग जाते. पंप खरोखर गेला की नाही हे पाहणेही सोपे आहे. पंखा धरून पुढे-मागे हलवावा. खेळ लागला तर बेअरिंग गेली. पंपाच्या खाली एक लहान भोक असते, त्यातून पाणी टपकत असेल तर सील गेले. आमच्या पंपाला यांतले काहीच नव्हते. हे मला पैसे देण्याआधी कळायला हवे होते.

थर्मोस्टॅटबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे त्याच्यावर फार अन्याय होतो. तापला ट्रॅक्टर की काढ थर्मोस्टॅट आणि फेक, अशी रीतच पडली आहे. डिझेल इंजिनाला ऐंशी ते नव्वद अंशांच्या आसपास काम करायला आवडते. थर्मोस्टॅट पाणी तेवढे गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तो काढला की इंजिन थंड राहते. मग डिझेल पुरते जळत नाही, न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते, धुरातली आम्लयुक्त ओल लायनरवर जमते आणि लायनर झिजतात. दोन-तीन हंगामांनी मालक म्हणतो, इंजिन ऑइल खाते, डिझेलही जास्त लागते. कारण त्याने स्वतःच काढून फेकलेले असते! शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला तर पाणी रेडिएटरला न जाता जवळच्या वाटेनेच फिरत राहते आणि तापणे उलट वाढते.

तपासायचे असेल तर चुलीवर होते. एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून बुडाला टेकणार नाही असा लोंबता सोडावा, सोबत थर्मामीटर. अंगातला ताप पाहायचा नाही, तो फुटेल, शंभरपर्यंतचा हवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांना, बहुधा ऐंशीच्या जरा अलीकडे-पलीकडे, तो उघडू लागावा आणि पाणी उकळण्याआधी पुरता उघडावा. पाणी निवले की मिटावा. हे पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

रेडिएटरच्या आतले दुखणे पाण्यातून येते. बोअरचे जड पाणी ज्या घरात तापवतात त्या हांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. तोच थर इंजिनाच्या पोटात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. इंजिन थोडे तापवून बंद करावे, आणि पंखा थांबल्यावर जाळीवर सांभाळून हात फिरवावा. मधेच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत. वरचा पाइप चांगलाच गरम आणि खालचा अगदी थंड, तर पाणी फिरत नाही. दोन्ही सारखेच पोळतात, तर पाणी फिरते पण हवा लागत नाही. आपल्या भागात पावसाळ्यात आभाळातूनच उत्तम पाणी पडते. दोन-तीन सरींनी कौले धुऊन गेल्यावर वळचणीचे पाणी स्वच्छ ड्रममध्ये धरून, फडक्याने गाळून वर्षभर रेडिएटरसाठी ठेवता येते. तलावाचे गढूळ पाणी डबक्यातून उपसून ओतणे बंद करावे.

हेड गॅस्केट गेले की नाही, ही सर्वांच्या मनातली भीती. थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरावा, झाकण उघडे ठेवावे, पंख्याचा पट्टा काढावा आणि इंजिन मिनिटभरच चालवावे. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर जळका वायू पाण्यात शिरतो आहे. गॅस्केट गेले किंवा हेडला चीर आहे. ऑइलची काडी काढून पाहावी, ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी ऑइलमध्ये उतरले आहे. मग इंजिन चालवूच नये. आमच्याकडे बुडबुडाही नव्हता आणि ऑइल काळेभोर होते. म्हणजे इंजिन खोलायचे कारण नव्हते.

मग तापत होता कशाने? जाळी धुतली, पट्टा पाहिला, थर्मोस्टॅट पातेल्यात नीट उघडला. चौथ्या दिवशी मी वर बसून हाताचा अॅक्सिलेटर पूर्ण ओढला आणि घरच्यांना बाजूला, पंख्यापासून लांब उभे राहून पाहायला सांगितले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, खालचा पाइप पोट ओढल्यासारखा चपटा होऊन राह्यला." अॅक्सिलेटर सोडला, पाइप पुन्हा गोल. पंप खालून पाणी ओढतो; जुना रबर आतून मऊ पडला होता आणि आतली स्प्रिंग गंजून गेली होती. मिस्त्री आणि मी, दोघेही संथ चालत्या इंजिनाकडे पाहत होतो. त्या चालीत पाइप शहाण्यासारखा उभा राहायचा. लाखनीच्या बाजारातून नवा पाइप आणि दोन क्लँप आणले. पंपाच्या पैशाच्या मानाने ती किंमत चिल्लर होती. रोवणा पाच दिवस मागे पडला, शेवटच्या दोन बांध्यांतले पऱ्हे लांबले ते लांबलेच.

कामात काटा चढला तर काय करावे, हेही सांगून ठेवतो. नुसता काटा चढला आहे आणि पाणी आहे, तर ओझे काढून दोन-तीन मिनिटे संथ चालू द्यावा, म्हणजे फिरते पाणी हेडची उष्णता घेऊन जाते. पट्टा तुटला किंवा पाणी सांडून गेले तर मात्र तत्काळ बंद करावा. तापल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतणे म्हणजे तापल्या तव्यावर घागर उपडी करणे. हेडला चीर जाते. निवल्यावर, इंजिन संथ चालू ठेवून, हळूहळू भरावे.

पाण्याऐवजी बाजारातला रंगीत कूलंट योग्य प्रमाणात मिसळून घातला तर गंज आणि लायनरला पडणारी बारीक भोके टळतात, उकळबिंदूही काही अंशांनी वाढतो. मी आता तोच घालतो. पण त्यातले ग्लायकॉल विषारी आहे, आणि चवीला गोड. जुना कूलंट काढताना खाली घमेले ठेवावे. गोठ्याजवळ किंवा नालीत तो सोडू नये, कुत्रे-वासरू चाटून मरते. उरलेला डबा लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवावा आणि शीतपेयाच्या बाटलीत तर मुळीच भरू नये.