नॉमिनी म्हणजे मालक नव्हे : अब्बांचे शेअर्स कोणाचे?

अब्बांच्या डिमॅट खात्यावर नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचं नाव आहे, म्हणजे शेअर्स त्याचेच झाले. हा समज आपल्या घरांत इतका पक्का आहे की बहिणी विचारायच्या भानगडीतच पडत नाहीत. आईसुद्धा म्हणते, "कागदावर त्याचं नाव आहे ना, मग कशाला वाद?" पण कागदावरच्या त्या नावाचा अर्थ काय, हे सुप्रीम कोर्टाने १४ डिसेंबर २०२३ रोजी स्पष्ट सांगितलं आहे. त्या निकालाची चर्चा कंपनी कायद्याच्या वकिलांत खूप झाली, मोहल्ल्यात मात्र फारशी पोचली नाही.

घोळ मुळात कायद्याच्या भाषेतून झाला. १९५६ च्या कंपनी कायद्यात नंतर कलम १०९ए घातलं गेलं. तेच आता २०१३ च्या कायद्यात कलम ७२ म्हणून आहे. त्यात म्हटलंय की इतर कोणत्याही कायद्यात किंवा मृत्युपत्रात काहीही असलं तरी, शेअरधारकाच्या मृत्यूनंतर बाकी सगळ्यांना वगळून नॉमिनीला त्या शेअर्सचे सर्व हक्क मिळतील. कोणीही वाचलं तर वाटेल, संपलं, नॉमिनी मालक झाला. मुंबई हायकोर्टानेही २०१० मध्ये कोकाटे प्रकरणात तसंच धरलं होतं. तिथे पतीच्या शेअर्सवर पत्नी हक्क सांगत होती आणि नॉमिनी दुसरंच कोणी होतं. पत्नी हरली.

पुढे शक्ती येजदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर हे प्रकरण आलं. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं, पण काही म्युच्युअल फंड आणि मुदत ठेवींवर नॉमिनीही नेमले होते. नॉमिनींचं म्हणणं होतं की हा पैसा आता आमचा, मृत्युपत्राचा याच्याशी संबंध नाही. २०१६ मध्ये हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हे नाकारलं, कोकाटे निकालही चुकीचा ठरवला, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला.

कोर्टाचं म्हणणं साध्या शब्दांत असं. कंपनी कायदा कंपनी चालवण्यासाठी आहे, माणसाच्या मागे त्याची मालमत्ता कोणाला जाईल हे ठरवण्यासाठी नाही. शेअरधारक वारला की कंपनीला समोर कोणीतरी एक माणूस लागतो, ज्याच्या नावावर शेअर्स करून ती मोकळी होईल. वारसांची भांडणं मिटेपर्यंत कंपनीने ताटकळत बसू नये, एवढ्यासाठी नॉमिनी. नॉमिनेशन हा वारसा मिळण्याचा तिसरा मार्ग नाही. मार्ग दोनच : मृत्युपत्र, नाहीतर वारसा कायदा. नॉमिनीच्या हाती शेअर्स येतात ते वारसांची अमानत म्हणून. अमानत हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या बाबतीत वारसा कायदा म्हणजे १९३७ च्या शरियत ॲक्टने लागू असलेला मुस्लिम वैयक्तिक कायदा. आधी कफन-दफनाचा खर्च, कर्ज (बाकी राहिलेला महरही कर्जच), मग वसीयत असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत, आणि उरलेलं वारसांत. सुन्नी फिकहप्रमाणे वारसाच्याच नावे वसीयत करायची तर बाकी वारसांची संमती लागते. शिया घरांत हिशोब काही ठिकाणी वेगळा. म्हणजे वसीयतीने जे एका मुलाला देता येत नाही, ते नॉमिनेशनच्या फॉर्मवर एक सही करून कसं देता येईल? सुप्रीम कोर्टासमोर हा प्रश्न मुस्लिम वारशाचा नव्हता, पण उत्तर आपल्यालाही लागू पडतं.

समजा मरहूमांच्या मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली, आणि मरहूमांचे आई-वडील हयात नाहीत. सगळी देणी फिटून शेअर्स उरले १६ लाखांचे. पत्नीचा आठवा हिस्सा २ लाख. राहिले १४ लाख. त्याचे चार भाग, मुलाला दोन, मुलींना एकेक. म्हणजे मुलगा ७ लाख, प्रत्येक मुलगी साडेतीन लाख. (अपूर्णांक कशाला शिकायचे असं विचारणाऱ्या मुलांना आम्ही हेच उदाहरण देतो.) आता नॉमिनी मुलगा असेल आणि त्याने सगळेच ठेवून घेतले, तर ९ लाख असे आहेत जे त्याचे नाहीत.

हक्क आहे म्हणून पैसा आपोआप हातात येतो असं मात्र नाही. कंपनी किंवा डिपॉझिटरी नॉमिनीच्या नावावर शेअर्स करणारच, आणि त्यात तिची चूक नाही. नॉमिनीने ते विकून टाकले तर वारसांना त्या पैशासाठी त्याच्याच मागे लागावं लागतं. म्हणून घरातल्यांनी पहिल्या काही महिन्यांतच बसून बोलावं, काय ठरलं ते लिहून सह्या कराव्यात. जमत नसेल तर वकिलाकरवी नोटीस, आणि गरज पडली तर दिवाणी कोर्ट. नॉमिनी नेमलेलाच नसेल, तर मोठ्या रकमेसाठी कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र लागू शकतं, त्यात वेळ जातो. त्यामुळे नॉमिनी नेमूच नये असा उलटा अर्थ कोणी काढू नये.

उलट आता सोय वाढली आहे. सेबीने जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलून डिमॅट खातं आणि म्युच्युअल फंडावर दहापर्यंत नॉमिनी ठेवायची मुभा दिली. बँकेच्या ठेवींनाही १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी चालतात. एकट्या मोठ्या मुलाचं नाव टाकण्याऐवजी पत्नी आणि सगळ्या मुला-मुलींची नावं घाला, टक्केवारी लिहा. टक्के लिहिले नाहीत तर नॉमिनींत समान वाटप होतं, जे शरई हिश्शांशी जुळत नाही. लिहिलेले टक्केही शेवटचा शब्द नव्हेत, कारण वारस कोण हे मृत्यूच्या दिवशी ठरतं. पण मुलीचं नाव त्या कागदावर असलं की तिला वगळून व्यवहार उरकणं कठीण होतं. आमच्या मते हे आजच करण्यासारखं काम आहे.

विम्याच्या पॉलिसीला मात्र हा निकाल जसाच्या तसा लावू नका. २०१५ च्या दुरुस्तीने तिथे आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांना लाभार्थी नॉमिनी म्हटलं आहे, त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रामाणिक नॉमिनीलाही एक अडचण यायची. त्याने बहिणींचा वाटा त्यांच्या खात्यावर केला की ती विक्री समजून त्याच्याकडे भांडवली नफ्याच्या कराची विचारणा व्हायची, आणि मग परताव्यासाठी धावपळ. सेबीने सप्टेंबर २०२५ मध्ये अशा व्यवहारासाठी 'टीएलएच' हा वेगळा कोड ठरवला, म्हणजे नॉमिनीकडून कायदेशीर वारसाकडे गेलेले शेअर्स. तो १ जानेवारी २०२६ पासून वापरायचा आहे. डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे अर्ज देताना हा कोड लावायला सांगा.

आणि जुन्या कपाटात अब्बांची कागदी शेअर सर्टिफिकेटं सापडली, तर ती रद्दीत टाकू नका. लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नाही की कलम १२४ प्रमाणे ते शेअर्स केंद्र सरकारच्या आयईपीएफ या निधीत जातात. तिथूनही ते परत मागता येतात, आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरून. त्यासाठी आधी कंपनीकडून पात्रतेचं पत्र घ्यावं लागतं, म्हणून सुरुवात कंपनीच्या रजिस्ट्रारला पत्र लिहून करावी.