गोळी कोठवर जाते?

आपल्या परंड्याच्या किल्ल्यात एकेकाळी असलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. इ. स. 1549 मध्ये अहमदनगरास ओतलेली, सुमारे 55 टन वजनाची, तोंडात माणूस बसेल एवढी. तोफांच्या त्या युगात गोलंदाजांना अनुभवाने एक गोष्ट कळली होती. दगडी गोळा तटावर आदळून फुटतो. लोखंडी गोळा आकाराने लहान असला तरी आत घुसतो. वजन, घडण आणि वेग यांचा हाच हिशेब पिस्तुलाच्या गोळीलाही लागू आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे, आम्हाला शस्त्रांची हौस नाही. पण गोळीबाराची बातमी आली की मागे उभा असलेला का मेला, हा प्रश्न आम्हाला पडतोच.

सर्वसाधारण समजूत अशी की गोळी जितकी वेगवान, तितकी ती खोल जाते. हे अर्धेच खरे आहे. आडतीवरच्या हमालाला विचारा: ज्वारीच्या पोत्यात दाभण सहज शिरते, मूठ शिरत नाही. जोर तोच, पण तो किती जागेवर पडतो हे महत्त्वाचे.

आता आकडे पाहू. 9 मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सुमारे 8 ग्रॅमची. ती सेकंदाला साधारण 360 मीटर वेगाने निघते. अमेरिकेतील जुनी .45 गोळी 15 ग्रॅमची, वेग 255 मीटर. वजन दुप्पट झाले तर शक्ती दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट; म्हणून हलकी पण वेगवान आणि जड पण मंद अशा या दोघींची शक्ती जवळजवळ सारखी भरते. शिशावर तांब्याचे पूर्ण वेष्टण असेल, तर दोन्ही गोळ्या जिलेटिनच्या लगद्यात दीड-दोन फूट सहज जातात. हा लगदा मांसाच्या जागी धरून परीक्षा करण्याची रीत आहे.

पण गोळीचे टोक पोकळ केले की सगळे उलटते. अशी गोळी मांसात शिरताच छत्रीसारखी उमलते, तिची जाडी वाढते, आणि ती लवकर थांबते. वेग अधिक असेल तर ती अधिक उमलते. म्हणजे वेग वाढूनही खोली कमी होऊ शकते! 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत केंद्रीय पोलिसांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एकाला लागलेली अशी 9 मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढत राहिला. दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर तेथे गोळीने लगद्यात 12 ते 18 इंच जावे असे माप ठरले.

उमलणाऱ्या गोळीशी आपल्या देशाचेही नाते आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्याने तिला नाव दिले. 1899 च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असे ठरले. इंग्रजांनी आपल्या .38 रिव्हॉल्व्हरची 13 ग्रॅमची उघड्या शिशाची गोळी याच शंकेने सोडून साडेअकरा ग्रॅमची वेष्टणाची घेतली. मात्र हा ठराव राष्ट्राराष्ट्रांतील युद्धापुरता. स्वतःच्या नागरिकांवर काय झाडावे याबद्दल तो गप्प आहे. ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते.

हे सारे आकडे सरासरीचे आहेत. 30 जानेवारी 1948 रोजी एका मराठी माणसाने गांधीजींवर अगदी जवळून, एकाच पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. दोन आरपार गेल्या, एक शरीरातच राहिली.

आता गर्दीकडे वळू. ‘कमरेखाली गोळी मारली’ असे सांगितले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण मांडी जाडीला सात-आठ इंच; वेष्टणाची गोळी तिच्यातून गेल्यावरही तिच्यात पुष्कळ दम उरतो, आणि मांडीतील मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांतच जातो. म्हणून चौकशीत किती फैरी झाडल्या एवढेच विचारून भागत नाही. काडतूस कोणते, गोळी पूर्ण वेष्टणाची होती की पोकळ टोकाची, हेही लेखी मागावे. शवविच्छेदनाचा अहवालही नीट पाहावा. सरळ लागलेल्या गोळीचे छिद्र बहुधा गोल आणि नेटके असते. आधी दुसऱ्याच्या अंगातून आलेली गोळी कलंडलेली असते, आणि तिची जखम वेडीवाकडी होते.