सभागृहाची निवडणूक आणि सभागृहाचे नियम

कराड तालुक्यातील उंब्रज परिसरात साखर कारखान्याची, विकास सोसायटीची किंवा नोकरदारांच्या पतसंस्थेची निवडणूक लागली, की तिची सूत्रे विद्यमान संचालक मंडळाच्या हाती राहत नाहीत. २०१३ सालच्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रातील सहकारी संस्थांच्या निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झाली. त्यामागील तत्त्व साधे आहे. निकालात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे, त्याने पंच होऊ नये. सोसायटीच्या सभासदाला पटलेले हे तत्त्व कायदे करणाऱ्या सभागृहाला कितपत लागू पडते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

विधिमंडळाला स्वतःचा असा एक संसार असतो. घटनेच्या १८७व्या अनुच्छेदाने त्याला स्वतंत्र सचिवालय दिले आणि २०८व्या अनुच्छेदाने आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला. सरकारने सभागृहावर कुरघोडी करू नये, हा त्यातील हेतू. या नियमांची देखभाल नियम समितीकडे असते. तिचे काम रुक्ष, म्हणून वृत्तपत्रांत तिचे नाव सहसा येत नाही. परंतु खेळाचे नियम लिहिणारा खेळाडूंइतकाच महत्त्वाचा असतो.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात याच स्वरूपाच्या कामासाठी प्रशासन समिती आहे. सभागृहाच्या दैनंदिन कारभारावर देखरेख ठेवणे आणि राष्ट्रीय निवडणुकांविषयीचे कायदे तपासणे ही दोन्ही कामे तिच्याकडे आहेत. शिवाय सदस्यांच्या निवडीचा अंतिम निवाडा तेथील घटनेने सभागृहाकडेच सोपविल्यामुळे निवडणुकीचे तंटेही तिच्यापुढे येतात. त्यातील धोका १९८५ साली दिसून आला. इंडियाना राज्यातील एका मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार विजयी झाल्याचे राज्याने जाहीर केले होते. सभागृहाने त्याला आसन नाकारले. समितीच्या तीन सदस्यांच्या पथकात दोन डेमोक्रॅट होते. या पथकाच्या देखरेखीखाली फेरमोजणी होऊन डेमोक्रॅट उमेदवार अवघ्या चार मतांनी निवडून आल्याचा निष्कर्ष निघाला. बहुमताने तो स्वीकारताच रिपब्लिकन सदस्यांनी सभात्याग केला. मोजणी खरी होती की खोटी, हा वाद वेगळा. पंचच प्रतिपक्षाचा असल्यावर बरोबर निर्णयावरही विश्वास बसत नाही, हा त्यातील खरा धडा आहे.

भारतीय घटनाकारांनी ही आपत्ती टाळली. निवडणूक घेण्याचे काम आयोगाकडे आणि तिच्याविषयीचे तंटे सभागृहाबाहेर, अशी त्यांनी विभागणी केली. आज निवडणूक याचिका उच्च न्यायालयापुढे चालतात. तरीही एक निवडणूक पूर्णतः सभागृहाच्या हाती उरली, ती म्हणजे अध्यक्षांची. महाराष्ट्रात ती पुष्कळदा बिनविरोध होत आली, म्हणून तिच्या नियमांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पाटणचे बाळासाहेब देसाई आणि कोरेगावचे शंकरराव जगताप यांच्या रूपाने सातारा जिल्ह्याने या पदाला दोन अध्यक्ष दिले. त्यांच्या काळी हा नियम राज्यव्यापी वादाचा विषय होईल, असे कोणाला वाटले नसेल.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिला आणि अध्यक्षपद सतरा महिने रिकामे राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीच्या काळात नियम बदलून गुप्त मतदानाऐवजी खुल्या मतदानाची तरतूद झाली. निवडणुकीची तारीख राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून ठरवावी, असेही नियमात आले. हरकतींसाठीचा दहा दिवसांचा अवधी एका दिवसावर आणला गेला. त्या वेळी विरोधी पक्षाचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित होते. ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले. राज्यपालांनी तारीख दिली नाही. नियमबदलाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये फेटाळली, तरी आसन रिकामेच राहिले.

खुल्या मतदानाच्या बाजूने सबळ युक्तिवाद आहे. आमदार हा मतदारांचा प्रतिनिधी आहे. त्याने कोणाला मत दिले हे मतदाराला कळले, तर घोडेबाजाराला आळा बसतो. लोकसभेतही अध्यक्षांची निवड प्रस्तावाद्वारे उघडपणे होते. उलट बाजूने म्हणता येईल, की गुप्ततेमुळे सदस्य पक्षादेशाच्या दडपणावाचून निःपक्षपाती व्यक्ती निवडू शकतो. दोन्ही पद्धती लोकशाहीशी सुसंगत आहेत. आक्षेप आहे तो घाईवर आणि बदलासाठी निवडलेल्या मुहूर्तावर.

या घाईचे फळ कोणाच्या पदरी पडले? जून २०२२ मध्ये सरकार कोसळले. ज्यांनी नियमबदलाला विरोध केला होता, तेच सत्तेवर आले आणि त्यांनी त्याच नियमाने ३ जुलै रोजी राहुल नार्वेकर यांना १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष केले. आता तारीख मिळण्यास विलंब लागला नाही. पुढे शिवसेनेतील फुटीनंतरच्या अपात्रतेच्या याचिका याच अध्यक्षांपुढे आल्या. १९८५ साली घटनेला जोडलेल्या दहाव्या अनुसूचीने तो अधिकार अध्यक्षांनाच दिला आहे. १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी दोन्ही गटांतील कोणालाही अपात्र ठरविले नाही. एका रुक्ष नियमाने भरलेल्या आसनावर सरकारचे भवितव्य तोलले गेले, ते असे.

म्हणून काही मर्यादा पाळल्या जाव्यात. अध्यक्षांच्या निवडीच्या नियमातील बदल पुढील विधानसभेपासून अमलात यावा, म्हणजे तो कोणाच्या पथ्यावर पडेल हे बदल करणाऱ्यालाही ठाऊक नसेल. हरकतींचा अवधी कमी करण्यास विरोधी पक्षनेत्याची संमती आवश्यक असावी. रिक्त आसन किती दिवसांत भरावे, याची मुदत नियमात असावी आणि ती सरकार व राज्यपाल या दोघांनाही बंधनकारक असावी.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. नियम समितीच्या एका बैठकीची आणि सभागृहाच्या एका ठरावाची आवश्यकता आहे. बहुमत आज एकाकडे असते, उद्या दुसऱ्याकडे जाते. नियम मात्र दोघांनाही पुरायचा असतो. सोसायटीच्या सभासदाने स्वीकारलेली शिस्त आमदारांना जड का वाटावी?